एक फेरा उधार

१

सन दोन हजार पंचवीस. पौष उतरणीला लागला होता. संक्रांत होऊन गेली होती, धान चुरून घरात आलं होतं आणि दिघोरीच्या बांध्यांत लाखोरीची निळी फुलं दिसू लागली होती. त्याच दिवसांत केवळराम मेश्रामने सत्तरी ओलांडल्यावर गाडी घेतली.

गावाला नवल वाटलं. केवळरामला वाटलं नाही. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण राईस मिलचा ट्रॅक्टर त्याने उभी उमर चालवला होता. कुणाच्या दारात उभं राहून "जरा सोडून देता काय" म्हणणं त्याला कधी जमलं नाही. आता वाडीतली वांगी लाखनीच्या बाजाराला न्यायची, तर शेजारच्या कृष्णरावचा ऑटो. बायकोचे, विमलाबाईचे, गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून तिला दवाखान्यात न्यायला पुन्हा कृष्णरावचाच ऑटो. आणि भाडं पुढे केलं की कृष्णराव हात मागे घेई. म्हणे, "राहू द्या ना काकाजी." ते "राहू द्या" केवळरामच्या घशात काट्यासारखं अडकत होतं.

लाखनीला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानापाशी ती गाडी उभी होती. लाल रंगाची. पुढे दोनच दारं, मागे छोटा उघडा डाला, बाजूला काळ्या अक्षरांत 'स्पोर्ट' लिहिलेलं. काचेवर चुन्याने 'विकणे आहे'. बाजूला खुर्ची टाकून एक पोरगेला माणूस मोबाइल पाहत बसला होता. त्याचं नाव बंटी.

"या काकाजी. मीटर पाहा पहिले. तीन हजाराच्या वर नाही चालली. नवरीसारखी आहे."

"नवरी लाखनीच्या चौकात उभी राहते काय?"

बंटी हसला. "शौकाची गाडी आहे जी. आमच्या मामाची. कोंढ्याचे श्यामराव. दिवाळीच्या आधी गेले."

केवळरामने बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही.

"म्हाताऱ्याले असली गाडी कायले लागत होती गा?"

"कोणाले मालूम? कंपनीतून आणली, महिन्यातून दोनदा काढत, अन् मग उभीच. मामी म्हणते, विकून टाक. तुम्ही भाव तर सांगा."

"श्यामरावची वस्तू आहे," केवळराम म्हणाला. "भाव नाही करत."

२

केवळराम कुणाचं काही देणं लागत नव्हता. फक्त श्यामरावचं लागत होता.

थोरला प्रफुल्ल पोटात होता तेव्हाची गोष्ट. भादव्याचा पाऊस, विमलाबाई दोन दिवस अडलेली, सुईणीने हात टेकलेले. पवनीच्या दवाखान्यात नेण्याशिवाय इलाज नव्हता. त्या काळी बौद्ध टोलीतून हाक आली की गावातल्या बैलबंड्यांची चाकं नेमकी मोडलेली असत. केवळराम दारोदार फिरला. एका घरी पाहुणा माणूस जेवत बसला होता, बहिणीकडे आलेला. त्याने विचारलं, "काय झालं गा?" ऐकलं, आणि भरल्या ताटावरून उठला. तो श्यामराव.

त्याची बैलजोडी शंकरपटाच्या शर्यतीत पळणारी होती. पटाचा बैल कुणी ओझ्याला जुंपत नाही. त्याने जुंपला. बंडीत धानाची तणीस अंथरून विमलाबाईला निजवलं आणि निघाला. मधल्या नाल्याच्या ठेंगण्या पुलावर, रपट्यावर, पाणी आलं होतं. अर्ध्यात गेल्यावर उजवा बैल घसरला. पाखऱ्या त्याचं नाव. बंडी त्याच्याबरोबर ओढली जाऊ लागली, तसं श्यामरावने विळ्याने त्याची जुपणी, जुवाला बांधलेली मानेची दोरी, कापली. बैल पाण्यात गेला. त्याचं मुस्कट एकदा वर आलेलं केवळरामने पाहिलं, नंतर नाही. श्यामरावने पाखऱ्याच्या जागी जुवाखाली स्वतःचा खांदा घातला आणि उरलेल्या बैलाच्या जोडीने बंडी पलीकडे काढली.

प्रफुल्ल पहाटे झाला. मायलेक वाचले.

केवळराम बैलाची किंमत विचारायला गेला, तर श्यामराव म्हणाला, "पैसा घेऊन मी पाखऱ्या आणू काय? राहू दे. एक फेरा उधार. मी म्हणीन तेव्हा मार."

त्यानंतर बाजारात, पटात, कुणाच्या मयतीला, जिथे भेट होई तिथे श्यामराव लांबून एक बोट वर करी आणि हसे. केवळरामही मान हलवी. पण फेरा त्याने कधी मागितला नाही. आणि आता तो गेला होता.

३

गाडी घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केवळराम दात घासत अंगणात उभा होता. त्याची नजर मागच्या चाकांवर गेली आणि तिथेच थांबली.

गाडी मागून बसलेली होती.

फार नाही, दोन बोटं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. पण बंडी भरण्यात आणि ट्रॉली ओढण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ओझं न मोजता दिसतं. केवळरामने डाल्यात पाहिलं. रिकामा. डाल्याचा मागचा फळका पाडून पाहिला, खाली वाकून पाहिलं. मातीचं ढेकूळसुद्धा नव्हतं.

चालवताना तेच. बंडीत मागे जास्त ओझं झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उचलतं, त्याला उलार म्हणतात. गाडी तशी उलार चालत होती. पुढची चाकं हलकी, स्टेअरिंग हातात तरंगल्यासारखं.

त्याने लाखनीच्या विनोद मिस्त्रीला दाखवली. विनोद गाडीखाली शिरला, हातोडी वाजवली, बाहेर आला.

"स्प्रिंगचे पाटे टणक आहेत काकाजी. नव्याले मागं सारतील."

"मंग बसली काहून?"

"गाडी नाही बसली. तुमचा चष्मा बसला."

दुकानातली पोरं हसली. केवळराम हसला नाही. "दाबून पाहा," म्हणाला.

विनोदने डाल्याच्या कडेवर दोन्ही हात ठेवून जोर दिला. रिकामी गाडी दाबली की खाली जाऊन उसळी मारते. ही उसळली नाही. जराशी खाली गेली आणि सावकाश वर आली, मागे कुणी बसलेलं असावं तशी. विनोदने पुन्हा जोर दिला. मग डाल्यात डोकावला. हात पुसले.

"उद्या आणा," म्हणाला. "आज काम लई आहे."

त्याच्या दुकानात त्या वेळी दुसरी गाडी नव्हती.

केवळराम परत येताना स्वतःशी विचार करत होता. पाटे नव्याचे असतील, पण दिवाळीपासून एका जागी उभी राहिली गाडी. लोखंडालाही सवय लागते. ट्रॉलीचं नाही का, एका अंगाला झुकते ती झुकतेच. हे त्याने मनात ठरवलं आणि त्याच्यावर समाधान मानलं.

४

चार दिवसांनी तो बाजारातून परत येत होता. वांगी विकली होती, डाल्यात रिकामे क्रेट होते. दिघोरीच्या अलीकडे जुन्या नाल्याकडे जाणारा कच्चा रस्ता फुटतो. त्या फाट्यावर टपावर थाप पडली.

एक.

डाल्यात बसून गेलेल्या प्रत्येकाला ही बोली येते. टपावर एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. केवळरामचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबल्यावर त्याला आठवलं, की मागे कुणी नाही.

उतरून पाहिलं. क्रेट बांधलेले होते. दोरी सैल नव्हती. तरी त्याने म्हटलं, क्रेटच वाजला असेल. घरी येऊन क्रेट उतरवले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम रिकामा डाला घेऊन त्याच रस्त्याने गेला. भित्रा माणूस रस्ता बदलतो. केवळरामने रस्ता बदलला नाही.

त्याच फाट्यावर थाप पडली. त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, पत्र्यावर. पाची बोटं वेगवेगळी कळावीत इतकी स्वच्छ.

"नाही थांबत," केवळराम मोठ्याने म्हणाला आणि गाडी दामटली.

पुन्हा थाप. मग पुन्हा. गाव येईपर्यंत एकेक थाप पडत राहिली. तिच्यात घाई नव्हती. रागही नव्हता.

अंगणात गाडी लावली तेव्हा विमलाबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून पाहिलं.

"मागं कोणाले आणलं जी?"

"कोणाले नाही."

"मले वाटलं, कोणी बसून आहे." ती पुन्हा तांदळाकडे वळली. "चहा टाकला असता त्याच्यासाठी."

कृष्णरावला कुठून तरी बातमी लागली. विनोदच बोलला असेल. संध्याकाळी कुंपणावरून म्हणाला, "काकाजी, वाईट नका मानू. एखादा निंबू बांधून टाका पुढं. आपलं काय जाते?"

"माझ्या बापानं छप्पन साली घरचे देव वैनगंगेत सोडले," केवळराम म्हणाला. "अन् मी आता लोखंडाले निंबू बांधू?"

"तसं नाही जी, पण..."

"पाटे खराब आहेत. बस."

कृष्णराव घरात गेला. दिवा लावताना केवळराम भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभा राहिला. त्याने काही मागितलं नाही. मागायची रीत त्या घरात नव्हती.

५

भर दुपारची वेळ होती. केवळराम वाडीत वांग्याला पाणी देऊन परत आला. दार सताड उघडं, चुलीवर भात करपलेला, घरात कुणी नाही.

"विमल!"

उत्तर अंगणातून आलं. कण्हल्याचं.

ती डाल्यात होती. फळका वर लावलेला, त्याच्या दोन्ही कड्या घातलेल्या. जिला एसटीची पायरी चढवत नव्हती ती बाई त्या डाल्यात कुशीवर निजली होती, आणि तिच्या अंगाखाली तणीस अंथरलेली होती. गुडघे पोटाशी घेतलेले. एक हात पोटावर.

"विमल, अव, उतर."

"हळू हाका जी," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. आवाज म्हातारीचा नव्हता. "पाणी चढून राह्यलं. मले लागून राह्यलं खालून."

"कोठी पाणी? अंगणात आहेस तू."

"त्या बैलाले सोडू नका म्हणा त्याईले. तो पाहून राहिला माह्याकडे."

केवळरामने कड्या काढल्या आणि तिला उचललं. ती मूठभर बाई त्या दिवशी उचलवत नव्हती. दुसऱ्या बाजूने कुणी धरून ठेवावं तशी जड. त्याने दात आवळले, पाय रोवले आणि हिसका दिला, तशी ती एकदम हलकी होऊन त्याच्या अंगावर आली. तिच्या लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओला होता. पौषातलं कोरडं अंगण. विहीर वाडीत, दूर. काठातून गढूळ पाणी टिपकत होतं.

संध्याकाळपर्यंत ती शुद्धीवर आली. डाल्यात कशी चढली म्हणून विचारलं, तर चिडली. "मी कायले चढीन? माझ्यानं ओटा चढवत नाही, अन् तुम्ही मले गाडीत चढवता."

केवळराम बाहेर येऊन ओट्यावर बसला. गाडी समोर उभी होती, मागून दोन बोटं बसलेली.

बंटीला फोन केला असता तर त्याने ती परत नेली असती. पुन्हा चुना लावून चौकात उभी केली असती. कुणीतरी मीटर पाहून खूश होऊन घेतली असती, आणि त्याच्याही घरी बायको असती. हे सगळं केवळरामच्या मनात येऊन गेलं. पण त्याला उठवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. आपलं देणं दुसऱ्याच्या गळ्यात टाकायचं? ते त्याच्या बापाने शिकवलं नव्हतं.

सकाळी तो कृष्णरावच्या दारात जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा.

"कलाबाईले म्हणा, आज दिवसभर आमच्या घरी बस. विमलले अंगणात नाही येऊ द्यायचं. मी हाक मारली तरी नाही."

कृष्णरावने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ह्या वेळी "राहू द्या" म्हणाला नाही. बायकोला हाक मारली.

६

शकुनबाई, श्यामरावची विधवा, कोंढ्याला अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. लाल गाडी फाटकात दिसली तशी तिची बोटं थांबली.

"रामराम," ती म्हणाली.

"जयभीम. शकुनबाई, खरं सांगा. श्यामराव ही गाडी घेऊन कोठी जात होता?"

तिने लपवाछपवी केली नाही. "नाल्यावर. जुन्या रपट्यापाशी. फळका पाडून ठेवत अन् कडेले बसून राहत. दिवस बुडाला की रिकामे वापस. गाडी घेतलीच त्याच्यासाठी. शहाण्या माणसानं एवढा पैसा घालून एवढासा डाला घ्यावा? मी भांडली. तर म्हणे, एकाच्यापुरता डाला पाहिजे, जास्त नाही."

"कोणासाठी?"

"मी नाही इचारलं. तुम्ही इचाराल काय?" तिने गोठ्याकडे बोट केलं. "ते पाहा."

गोठा केव्हाचा रिकामा होता. बैल विकून वर्षं झाली होती. पण आत दोन खुंटे शाबूत होते, आणि उजव्या खुंट्याला एक दावं बांधलेलं होतं. जुनं, काळं पडलेलं. खाली जमीन शेणाने सारवलेली. ताजी.

"ते असेपर्यंत ते सारवत. आता मी सारवतो. काहून, ते मले नाही समजत. शेवटी शेवटी म्हणत, माझ्यानं नाही येत तो. फेरा माझा नाही."

केवळराम खुंट्यापाशी वाकून बसला.

"अन् गेले ते घरात नाही गेले," शकुनबाई म्हणाली. "त्या डाल्यात गेले. दुपारी जेवाले बोलवाले गेली, तर काचेले पाठ टेकून, बंडीत बसतात तसे पाय पसरून बसलेले. मले वाटलं, झोप लागली."

"हे पहिले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मीटर पाहून घेतली," ती म्हणाली. "मीटर खरंच होतं."

केवळराम उठला. गोठ्याशेजारच्या ढिगातून त्याने कवटाळून तणीस आणली आणि डाल्यात अंथरली. शकुनबाई पाहत राहिली.

"गोठ्याचं दार उघडं ठेवा. दिवस बुडायच्या आत येतो."

"नका जाऊ भाऊ. घरी बाई आहे तुमची."

"तिच्यासाठीच जाऊन राहिलो."

७

नाल्यावर वरच्या अंगाला नवा पूल झाला आहे. जुन्या रपट्याकडे आता कुणी येत नाही. सिमेंट उखडलेलं, मधोमध एक खड्डा, त्यातून घोटाभर पाणी वाहत होतं. ऊन अजून होतं. पलीकडे कुणाची तरी गुरं चरत होती.

टपावर थाप पडली. एक.

"थांबलोच आहे," केवळराम म्हणाला.

त्याने गाडी उलटी फिरवून पाण्याच्या काठाशी लावली, इंजिन बंद केलं, उतरून फळका पाडला. आणि बाजूला उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, मिलच्या हमालांपुढे उभा राहायचा तसा.

"श्यामराव," तो म्हणाला, "फेरा मागायले एवढी वर्षं लावली. आता मागितला, मी आलो. पण एक गोष्ट ऐकून ठेव. फेरा माझ्याकडं आहे. विमलकडं नाही. तिले पुन्हा हात लागला, तर गाडी इथंच पेटवून देतो. मंग बस दोघंही पाण्यात."

काही झालं नाही. पाणी वाहत होतं. केवळरामला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. सत्तरीचा माणूस नाल्याशी भांडतो आहे.

मग त्याच्या ध्यानात आलं, की पलीकडची गुरं चरायची थांबली आहेत. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, रपट्याकडे.

पाणी घोटाभरच होतं. पण आवाज घोटाभर पाण्याचा नव्हता. भरून आलेल्या नाल्याचा होता. दोन्ही थड्या घासत जाणाऱ्या पाण्याची ती घरघर त्याने एकदाच ऐकली होती, आणि विसरला नव्हता. त्या आवाजातून दुसरा आवाज निघाला. दमलेला, जड, नाकपुड्यांतून येणारा. ओल्या बैलाचा वास आला.

केवळराम जागचा हलला नाही. पळावंसं वाटलं. त्याने पायांना सांगितलं, नाही.

पाडलेल्या फळक्यावर खूर वाजला. एक. मग दुसरा. पत्रा करकरला. गाडी मागून अशी बसली, की चाकं वरच्या पत्र्याला घासली आणि पुढची बाजू वर उचलली. डाल्यात दिसत काही नव्हतं. फक्त तणीस दबत गेली, आधी एका टोकाला, मग मधोमध, आणि दबल्या जागेतून गढूळ पाणी खाली झिरपायला लागलं.

त्याने फळका उचलला. कडी घालताना मनगटावर गरम श्वास आला. कडी घातली.

टपावर थापा पडल्या. दोन.

८

उलार बंडीला एक उपाय असतो. हाकणारा पुढे सरकून धुरीवर बसतो, आपलं वजन पुढे देतो. केवळराम सीटच्या टोकावर आला, छाती स्टेअरिंगवर टेकली आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी वर काढली. पुढची चाकं जमिनीला जेमतेम लागत होती. आरसा त्याने पालथा केला होता. मागे पाहत बसणाऱ्याने हाकू नये.

नाल्याच्या वर रस्ता फुटतो. डावा दिघोरीला, उजवा कोंढ्याला. तिथे थाप पडली. एक.

"इथं नाही," केवळराम म्हणाला.

पुन्हा थाप. ह्या वेळी हाताची नव्हती. जड, बोथट. टपाचा पत्रा आत दबला. स्टेअरिंग आपोआप डावीकडे ओढू लागलं, दिघोरीकडे, त्याच्या घराकडे, जिथे विमलाबाई कलाबाईच्या पहाऱ्यात बसली होती. त्याने दोन्ही हातांनी ते धरलं. मागची काच धुरकटली होती, आतून नव्हे, बाहेरून.

"तिकडं माझं घर आहे!" तो ओरडला. "तुझं नाही! तिकडून तुले आम्ही जुंपून नेलं होतं. तुझा खुंटा कोंढ्याले आहे. तुझ्या मालकानं दावं सोडलं नाही अजून. अन् मालक बसला आहे ना तुझ्याजवळ? त्याले काहून लाज नाही वाटत? पाखऱ्याले सांग, श्यामराव! भरल्या ताटावरून उठणारा माणूस तू, बैलाले रस्ता नाही सांगता येत काय?"

दंडाच्या शिरा तटतटल्या. गाडी फाट्यावर आडवी होऊन गुरगुरत राहिली. केवळराम ना डावीकडे वळला ना थांबला. किती वेळ ते त्याला पुढे सांगता आलं नसतं.

मग मागून एक आवाज आला. जिभेचा. बैलाला चुचकारताना करतात तसा, टाळ्याला जीभ लावून.

स्टेअरिंग सुटलं. केवळरामने ते उजवीकडे वळवलं.

टपावर हलक्या हाताने दोन थापा पडल्या.

कोंढ्यापर्यंत तो दुसऱ्या गिअरच्या वर गेला नाही. रस्त्यात एक मोटरसायकलवाला मागून आला, बराच वेळ मागे राहिला, पुढे गेला नाही आणि शेवटी गाडी फिरवून परत गेला. त्याने काय पाहिलं हे केवळरामने कुणाला विचारलं नाही.

दिवस बुडायला आला होता. शकुनबाई फाटक उघडून उभी होती. गोठ्याचं दार उघडं होतं. तिच्या हातात पाण्याने भरलेला गडवा होता, पोळ्याला घरी आलेल्या बैलाच्या पायांवर पाणी घालतात तसा. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

केवळरामने गाडी गोठ्याला लावली आणि उतरून फळका पाडला. बाजूला झाला.

शकुनबाई पुढे आली. तिने जमिनीवर पाणी ओतलं. ओतलेलं पाणी पसरायचं तसं पसरलं नाही. मधे चार जागी अडलं आणि बाजूंनी वाहून गेलं. ती मागे सरकली, गडवा छातीशी धरून.

गोठ्यात दावं हललं. हललं आणि ताणलं गेलं.

केवळराम गाडीत येऊन बसला. तेव्हा त्याने आरसा सरळ केला. भ्यायला तो आता कुणाचं देणं लागत नव्हता. आरशात डाल्याची कड दिसत होती, आणि कडेवर एक हात. सुरकुतलेला, नखांत चिखल. एक बोट वर केलेलं.

केवळरामने मान हलवली.

बोट मिटलं.

पाटे कुरकुरत वर आले. गाडी सरळ झाली. फेरा फिटला.